नळीत अडकलेलं लोखंड

मी लोखंडाचा एक कण बोलतोय. डोळे ताणू नका, दिसायचा नाही मी. कार्बनच्या ज्या अतिसूक्ष्म नळ्यांचं जगभर कौतुक चालतं, त्या माझ्यासारख्यांच्याच अंगाखांद्यावर वाढतात. भट्टी तापली, वायू आला आणि माझ्यातून एक नळी फुटली. काम संपलं तरी मला बाहेर कुणी काढलं नाही. बाटलीवर नाव मात्र लागलं कार्बनचं.

ती बाटली परदेशात, ड्रोहेडा गावातल्या एका प्रयोगशाळेत कौमुदीच्या हाती पडली. नागपूरची मुलगी, जखम चिघळतेय का हे सांगणारी पट्टी बनवत होती. तिने पट्टीवर नळ्यांचा लेप दिला, चिघळत्या जखमेत तयार होणाऱ्या पेरॉक्साइडचा थेंब टाकला आणि पडद्यावर विजेची रेघ उसळली. तो थेंब मी फोडला होता हो! ही बया नळ्यांनाच म्हणाली, "गुणी गं माझी बाळं." एकदा तरी तिने माझं नाव घ्यावं, म्हणून जीव नुसता तुटायचा.

मग नवी बाटली आली. त्याच कंपनीची, पण रेघ निम्म्यावर. कौमुदी तिच्या वरिष्ठांकडे, इंद्रनीलकडे गेली.

"जुनी बाटली ग्रँड चाललीय ना? तीच वापर," तो म्हणाला. "रुग्णांवरची चाचणी तोंडावर आलीय, आता कशाला उकरत बसतेस?"

"पण सर, जुनी संपल्यावर काय? पट्टी 'जखम बरी आहे' म्हणेल आणि आत पू झालेला असेल."



तिने जुन्या नळ्या आम्लात उकळल्या. मी विरघळून बाहेर पडलो. धुतलेल्या नळ्यांवर थेंब टाकला, तर रेघ आडवी. मग तिने त्यांच्यात चिमूटभर लोखंडाचा गंज मिसळला आणि रेघ पुन्हा उठली.

"सर, नळ्या नुसत्या मिरवत होत्या. काम सगळं लोखंडाचं. नव्या बाटलीत तेच कमी असणार."

इंद्रनीलने फोन उचलला आणि चाचणी पुढे ढकलली.

मी आता टाकाऊ आम्लाच्या डब्यात आहे. उद्या गाडी येऊन घेऊन जाईल. ज्या नावासाठी झुरलो ते तिने घेतलं, पण मला धुऊन टाकल्यावर. नव्या पट्टीत ती मोजूनमापून लोखंड घालणार आहे म्हणे, दुसरं, विकत आणलेलं. कौमुदी, त्याला तरी पहिल्या दिवसापासून नावाने हाक मार गं.