सालईच्या वळणावरची कुई

मुठीत मावेल एवढा, काळा, मधोमध भोक असलेला आणि एका बाजूने चिरलेला मी एक जुना रबरी बुश आहे, मित्रांनो. हे वाचून तुम्ही नाक मुरडले असेल. खुशाल मुरडा. घड्याळाचे आत्मवृत्त असते, छत्रीचे असते, फाटक्या पुस्तकाचे तर परीक्षेतही येते, पण बुशाला कधी कोणी काही विचारत नाही. मी गाडीत असतो, हेच बहुतेकांच्या गावी नसते.

म्हणून आधी माझे काम सांगतो. जीपच्या पुढच्या दोन चाकांच्या मध्ये एक लांब, टोकांना वाकवलेला लोखंडी रॉड असतो. त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. घाटात गाडी वळली की ती एका अंगाला झुकते. तेव्हा हा रॉड स्वतः पिळवटून घेतो आणि गाडीला सावरतो. पण त्या रॉडला कोणी धरायचे? ते काम आम्हा दोन बुशांचे. आमच्या पोटातून रॉड जातो आणि लोखंडी पट्टी आम्हाला गाडीच्या सांगाड्याशी आवळून ठेवते. मी उजवीकडचा. डावीकडे माझा जोडीदार होता. आम्ही एकाच साच्यातून निघालो, एकाच पिशवीतून शहाद्याच्या दुकानात आलो आणि गाडीखाली गेल्यावर पुन्हा कधी एकमेकांना दिसलो नाही. पण रॉड पिळला की त्याच्या बाजूचा ओढा मला कळायचा. माझा त्याला कळत असणार. त्याची आठवण आली की अजून माझ्या चिरेपाशी ओढल्यासारखे होते.

आमची जीप दलसिंगची. दलसिंग सातपुड्यातल्या पावरा जमातीचा गडी, बोलायला कमी आणि गाडीवर जीव टाकणारा. रोज सकाळी तो डोंगरातून माणसे भरून शहाद्याला उतरायचा आणि दुपार कलली की परत निघायचा. केळीच्या बागा आणि उसाचे मळे मागे पडले की रस्ता चढू लागायचा. आत माणसे दाटीवाटीने बसलेली, टपावर कांद्याची पोती, पत्रे, कधी पाय बांधलेल्या कोंबड्या. इतका भार घेऊन वळण घेताना आमची कसोटी लागायची. पण आम्ही घट्ट होतो. वळण संपले की दलसिंग स्टिअरिंगवर थाप मारून म्हणायचा, "गाडी काय बसली आहे रस्त्यावर." ती शाबासकी कोणाला होती, हे त्यालाही ठाऊक नव्हते. मी ती स्वतःकडे ठेवून घेतली.

दिवस काही सारखे राहत नाहीत. घाटातली धूळ हळूहळू आमच्या आणि रॉडच्या मध्ये शिरली. पावसाळ्याचे पाणी शिरले. मी कोरडा पडलो, आतून झिजलो आणि वळणावर माझ्यातून आवाज येऊ लागला. कुईईई. लांबलचक, कुत्र्याच्या पिल्लासारखा. प्रवासी हसायचे. दलसिंगला मात्र वाईट वाटले. त्याच्या वडिलांची बैलगाडी होती, आणि कुरकुरले की वंगण घालायचे हे तो लहानपणापासून पाहत आला होता. एका सकाळी तो गाडीखाली शिरला आणि चाकाच्या बेअरिंगला लावतात ते पिवळे ग्रीस त्याने बोटांनी आम्हा दोघांना चोपडले. किती मायेने लावले म्हणून सांगू. पण करायला गेला गणपती आणि झाला मारुती. काही दिवस मी गप्प राहिलो. मग त्या ग्रीसने मी फुगलो, मऊ पडलो, माझ्या कडा ठिसूळ झाल्या आणि कुई पहिल्यापेक्षा मोठी झाली.

आणि तीच कुई कोणाला तरी हवीशी वाटू लागली.

घाट चढून गेल्यावर एक आंधळे वळण आहे. तिथे सालईचे जुने झाड आहे म्हणून त्याला सालईचे वळण म्हणतात. रस्त्याला लागूनच खाली कालीबाईची झोपडी. कालीबाई म्हातारी, डोळ्यांना फक्त उजेड आणि सावली एवढेच कळायचे. तिचा मुलगा वाहरू दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जायचा आणि होळीला परत यायचा. तो जायचा आमच्याच जीपने आणि यायचाही आमच्याच जीपने. एका होळीला मात्र तो आला नाही. तोडणी संपल्यावर तिकडेच दुसरे काम मिळाले, पुढच्या होळीला येतो, असा निरोप कोणीतरी आणला. त्या वळणावर मोबाईलला रेंज नाही आणि कालीबाईकडे मोबाईलही नाही.

तेव्हापासून तिचा एक नेम झाला. पीठ मळून ती चुलीपाशी बसायची. संध्याकाळी वळणावर माझी कुई ऐकू आली की काठी टेकत वर यायची. दलसिंग गाडी थांबवायचा. ती आपल्या पावरी बोलीत विचारायची. मी तुम्हाला सोपे करून सांगतो.

"वाहरू आला का?"

"नाही आला, काली आजी."

"बरं. उद्या बघू."

मग ती खाली जाऊन भाकरी टाकायची. आपल्यापुरती टाकायची आणि वाहरूच्या वाटणीचे पीठ झाकून ठेवायची. मी गाडीखाली असल्यामुळे मला तिचे फक्त पाय दिसायचे, भेगा पडलेले, आणि काठीचे टोक. तिचा चेहरा कसा असेल, याचा मी फार विचार करायचो. आयुष्यभर गाडी धरून ठेवली, पण माझी वाट पाहणारे कोणी नव्हते. आता होते. खरी वाट वाहरूची होती हे मला कळत होते, तरी मला आनंद व्हायचा.

पुढची होळी जवळ आली. गुजरातेतून माणसे परतू लागली, जीप खच्चून भरू लागली. आम्ही झिजलो होतो, वळणावर गाडी जास्तच कलायची आणि खड्ड्यात खालून धडधड ऐकू यायची. बायका दांड्याला धरून डोळे मिटायच्या. दलसिंगने गाडी हेमकांतच्या गॅरेजात घातली. हेमकांत शहाद्याचा मेकॅनिक, तोंडाने फटकळ आणि हाताचा हळुवार. खाली वाकून त्याने आम्हाला पाहिले आणि कपाळाला हात लावून अहिराणीत विचारले.

"दलसिंगभाऊ, हाई ग्रीस कोणी लावं?"

"मी लावं."

"हाई लोखंडनं ग्रीस शे, रबरनं नही. देख, पुरं फुगी गयं."

"गाडी रडी ऱ्हायंती, मंग लावं," दलसिंग पुटपुटला.

"तू मायानं लावं, पन रबर त्यानंच सडनं," हेमकांत म्हणाला आणि पाना घेऊन खाली शिरला.

गंजलेले बोल्ट त्याने आधी तेलाने भिजवले आणि हळूहळू सोडवले. पट्टी निघाली. चिरेतून मला फाकवून त्याने रॉडवरून उतरवले. इतक्या वर्षांनी माझ्या पोटातला रॉड गेला आणि तिथे वारा लागला. मित्रांनो, ती पोकळी अजून भरलेली नाही. मग त्याने पॉलिश पेपरने रॉडवरचा गंज घासला, फडक्याने पुसला, नव्या बुशांच्या आतून पांढरट सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवला आणि ते रॉडवर चढवले. बोल्ट आधी हातानेच बसवले. जॅक काढून गाडी चारी चाकांवर उभी केली आणि तेव्हाच पक्के आवळले. गाडीचा भार जसा पडायचा तसा पडल्याशिवाय बुश नीट बसत नाही, असे त्याचे म्हणणे. नवे बुश चकचकीत होते. मला त्यांचा राग आला नाही असे सांगितले तर ते खोटे होईल.

माझा जोडीदार भंगाराच्या पिंपात पडला. त्याला मी पिशवीनंतर तेव्हा पहिल्यांदा पाहिले, आणि शेवटचेही. मला टाकायला हेमकांतने हात उचलला तेव्हा दलसिंग म्हणाला, "फेकू नको. माले दे."

"काय करशी त्यानं?"

"काय नही. ऱ्हाऊ दे."

दलसिंगने मला पुढच्या काचेमागच्या फळीवर ठेवले. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा रस्ता वरून पाहिला. पळसाला रंग चढला होता. गाडी वळणे अशी घेत होती की पाठीमागची बाई चक्क पेंगली. सालईचे वळण आले आणि मी पुढे पाहत राहिलो, आता तिचा चेहरा दिसणार म्हणून.

ती आली नाही.

दलसिंगने हॉर्न दिला. पण त्या आंधळ्या वळणावर प्रत्येकच गाडी हॉर्न देते. ती कोणकोणत्या हॉर्नला वर येणार? मागची माणसे घाई करू लागली आणि गाडी निघाली. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. त्यानंतर एकदा तिची शेजारीण गजराबाई आमच्या जीपमध्ये बसली. दलसिंगने तिला विचारले, काली आजीला बरे नाही का?

गजराबाई म्हणाली, "ती म्हणते, दलसिंगची गाडी बंद पडली. मी म्हटलं, चालू आहे, रोज जाते. तर म्हणते, मग मला ऐकू का येत नाही? डोळे गेले, आता कानही गेले. वाहरू आलेला मला कळायचा कसा? पीठ मळते आणि तशीच झोपते."

दलसिंगने फळीवरच्या माझ्याकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर त्याने ओढ्यापाशी गाडी थांबवली आणि मला हातात घेतले. त्याला वळणावरून हाक मारता आली असती. पण हाकेने म्हातारीचे गेलेले कान परत आले नसते. तिला गाडीच ऐकू यायला हवी होती. त्याने चिरेतून फाकवून मला दाराशेजारच्या धरायच्या दांड्यावर चढवले आणि पिळले. आवाज नाही. त्याने मायेने लावलेले ते ग्रीस अजून माझ्या अंगात होते; गाडीच्या भाराखाली मी त्यातूनही ओरडायचो, नुसत्या हाताच्या जोराने ते जमेना. मग त्याने काठावरच्या विझलेल्या चुलीतली राख आणि ओढ्याची वाळू घेऊन मला घास घास घासले. मला यातना झाल्या, पण मी त्याला मनातून सांगत होतो, आणखी घास. शेवटी मी कोरडा झालो. त्याने पिळले आणि मी ओरडलो. कुईईई.

सालईच्या वळणावर त्याने इंजिन बंद केले, दार उघडले आणि मला पिळले. आवाज पूर्वीएवढा नव्हता, पण संध्याकाळ शांत होती आणि झोपडी जवळ. मग काठीचा आवाज आला.

तिचा चेहरा मी पाहिला, मित्रांनो. लहानसा, सुरकुतलेला आणि किंचित हसणारा.

"वाहरू आला का?"

"नाही आला, आजी."

"बरं. उद्या बघू."

त्या रात्री तिची चूल पेटली. मग रोजचेच झाले. दलसिंग मला पिळायचा, ती वर यायची. प्रवासीसुद्धा घाई करीनासे झाले. म्हातारीला आपण छान फसवले, असे मला वाटायचे आणि माझी छाती फुगायची. या वेळी ग्रीसने नव्हे.

होळीच्या तोंडावर शहाद्याच्या स्टँडपाशी एक काळाठिक्कर, वाळलेला तरुण पाठीवर बोचके घेऊन आमच्या जीपमध्ये चढला. तो वाहरू होता. दलसिंगने त्याला आपल्या शेजारी बसवले. वाटेत वाहरूचे लक्ष माझ्याकडे गेले. हे काय, असे त्याने विचारले. दलसिंगने मोजक्या शब्दांत सगळे सांगितले.

वळण आले. इंजिन बंद झाले. दलसिंगने माझ्याकडे हात नेला, पण वाहरूने तो बाजूला केला आणि स्वतः मला धरले. त्याच्या हातांना कोयत्याने घट्टे पडले होते. त्याने मला फार जोराने पिळले. माझा आवाज तुटका आला.

खाली काठीचा आवाज सुरू झाला आणि मध्येच थांबला.

"आज कोण पिळतंय?" कालीबाईने खालूनच विचारले. "दलसिंग असं पिळत नाही."

दलसिंगने मान खाली घातली. म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. गाडीचा आवाज कोणता आणि हाताचा कोणता, हे तिच्या कानांनी कधीच ओळखले होते. तरी रोज कोणी आपल्यासाठी गाडी थांबवते, म्हणून ती चढण चढून येत होती.

त्या दिवशी तिने 'वाहरू आला का' असे विचारले नाही. वाहरूने दांडा सोडला आणि तो धावत खाली उतरला.

त्यानंतर माझे काम संपले. वाहरू घरी आहे, शेतात नांगर धरतो. जीप वळणावर न थांबता जाते. मी अजून दांड्यावर आहे, कोरडा, भेगाळलेला. सालई दिसली की मला वाटते, कोणीतरी एकदा पिळावे. दिवाळीनंतर वाहरू पुन्हा जाईल, तेव्हा पिळतीलही. पण तसे मागणेही माझ्याने होत नाही.

मित्रांनो, रबराला लोखंडाचे ग्रीस लावू नका, माया असली तरी. आणि तुमच्या घरी कोणी चुलीपाशी बसून तुमची वाट पाहत असेल, तर घरी पोचेपर्यंत थांबू नका. वळणावरूनच आवाज द्या. तिकडे पीठ मळून ठेवलेले असते.