मांडवातली ओवी

"गुरुजी, हे बायांचं हाये. जात्यावरचं. माणसायच्या पुढं म्हनत नाई."

सातवीतल्या एका पोरीचा, जयवंताचा तो आवाज. चाळणीतून पीठ पडावं तसा हलका. वासुदेव गुरुजींनी तो तेव्हा ऐकला, आणि हसून बाजूला ठेवला.

वडनेरच्या शाळेत ते त्र्याहत्तर साली आले, तेव्हा आधीच्या मास्तरांची छडी कोपऱ्यात उभी होती. गुरुजींनी ती पोरांसमोर मोडून चपराशाच्या चुलीत घातली. पोरं तरी बोलेनात. मग गुरुजी म्हणाले, "पुस्तक ठेवा. तुमच्या घरी काय म्हणतात ते मला शिकवा. मी तुमचा विद्यार्थी." कोणी पोळ्याला बैलांपुढं म्हणायची झडती आणली, कोणी भुलाबाईचं गाणं. वर्ग हसू लागला, पाढेही म्हणू लागला. गुरुजी घरी निघाले की पोरं बैलबंडीमागं वासरं जावीत तशी मागं जात.

जयवंता मात्र मुकी. भिंतीला टेकून बसायची. एका दुपारी शाळा सुटल्यावर ती थांबली आणि जमिनीकडे पाहत मायची ओवी म्हणाली:

पायली दळते बाई, पीठ सारं सासूपाशी
माझ्या पोटची जयवंता, झोपे रातीची उपाशी

गुरुजींचे डोळे भरले. त्यांना त्यात चाल ऐकू आली, यमक ऐकू आलं. उपास तेवढा ऐकू आला नाही. तिच्या बापाचं, तानबाचं घर तर गावातलं खातंपितं; दोन बैलजोड्या, कापसानं भरलेली कोठी.

पहाटे बाई जात्यावर काय गाते ते घरातले पुरुष ऐकतात. पांघरुणात पडल्या पडल्या ऐकतात, आणि उठल्यावर ऐकलं म्हणत नाहीत. तेवढ्यावर घरं उभी असतात. गुरुजी तालुक्याच्या गावचे. त्यांच्या घरी पीठ चक्कीवरून यायचं.

स्नेहसंमेलनाला शिक्षणखात्याचे साहेब येणार होते. गुरुजी म्हणाले, "जयवंता, माझ्यासाठी म्हण."

ती मांडवात उभी राहिली. पुढच्या रांगेत तिचा बाप, बाजूला आजी. ती गायली, आणि सुरेख गायली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. गावानं वाजवल्या नाहीत. मागून कोणी बाई हळूच म्हणाली, "कोठी भरली हाये म्हनत होती नं म्हातारी?" आणि पदरात हसली.

दुसऱ्या दिवशी तानबानं जात्याची वरची तळी काढून गोठ्यात टाकली. जयवंताच्या मायला, कुंताबाईला, माहेरी पोचवलं. तिला आणायला पुन्हा कोणी गेलं नाही. जयवंता शाळा सोडून शेतात निंदणाला जाऊ लागली.

गुरुजी हात जोडून तानबाच्या ओसरीवर गेले. तानबानं त्यांना चहा पाजला.

"गुरुजी, पोरीले शिकवाले दिली होती," तो म्हणाला. "आमची चूल तुमाले काऊन पाह्यजे होती?"

पुढं बदल्या झाल्या. शेवटची बदली वर्ध्याला लागून नालवाडीत. जूनमध्ये गुरुजी घरोघर फिरून पोरांची नावं शाळेत घालत होते. भाजीच्या एका वाडीच्या कडेला एक बाई सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होती. जवळ सहा-सात वर्षांची पोरगी पाला निवडत होती, तोंडानं काहीतरी गुणगुणत.

"सदरा तसाच हाये गुरुजी," बाई मान वर न करता म्हणाली. "केस तेवढे गेले."

गुरुजींनी ओळखलं, आणि त्यांना बसावंसं वाटलं. बसायला जागा नव्हती.

"जयवंता. माय कशी आहे?"

"गेली. तिच्या भावाच्या घरीच." तिनं जुडी आवळली. "इकडं कसे?"

"पोरीचं नाव घालायला आलो."

"नाई घालत."

"बाई, तुझं झालं ते झालं. हिला मी शिकवीन. पोटच्या पोरीसारखी…"

"तेच नको."

तिनं हातातला जुडी बांधायचा वाख खाली ठेवला. पोरगी गुणगुणायची थांबली.

"आजवर कोनाले बोलली नाई. मायलेबी नाई. तिले वाटे, पोरीले समजलं नसंन. मले मांडवात उभी राह्यल्या राह्यल्याच समजलं होतं, मायचं काय होईन ते. आधीच्या मास्तरनं म्हटलं असतं, गानं म्हन, तं मी मुकी राह्यली असती. छड्या खाल्ल्या असत्या न घरी गेली असती. तुमी म्हटलं, माझ्यासाठी म्हन. मले तोवर कोनी असं म्हटलं नव्हतं, गुरुजी. तुमाले नाई म्हनता आलं नाई."

गुरुजींनी हातातली नावांची वही मिटली.

जयवंतानं पोरीच्या केसातला पाला काढला आणि तिला उठवून पुढं केलं.

"लिहा नाव. उद्यापासून पोरगी येईन. चुकली तं मारा. पन तिले जीव नका लावू."