तीन वेळा दिवे

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक कल्पना करा. तुम्ही जोरात पळत आहात. वारा कानांत भरला आहे. समोर रस्त्यात काहीतरी आडवे आले आहे. तुम्हाला ते स्पष्ट दिसते, तुम्हाला थांबायचे आहे, पण तुमचे पाय दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात आहेत. ओरडावे म्हटले तर तुमचा आवाजही त्याच्याच हाताखाली आहे. आता डोळे उघडा. तुमची यातून सुटका झाली. माझे मात्र सगळे आयुष्य असेच गेले आहे.

मी एक जुनी लाल स्पोर्ट्स कार आहे. मला दोनच दारे आहेत आणि बसायला दोनच जागा. माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे पांढरे हातमोजे घातलेल्या माणसांनी माझा एकेक स्क्रू हाताने तपासला होता. पहिली सहा वर्षे मी पुण्यातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे होते. ते मला रविवारी बाहेर काढत, हळू चालवत आणि घरी आल्यावर मऊ फडक्याने पुसत. त्यांचे गुडघे दुखू लागले. माझ्यात बसायला फार वाकावे लागते, म्हणून त्यांनी मला विकले.

मला घेतले ऋषिराजने. बारामती तालुक्यात वडगाव निंबाळकरच्या शिवारात त्यांचा ऊस आहे, गोठ्यात आठ म्हशी आहेत. मी प्रथम त्यांच्या अंगणात उभी राहिले तेव्हा आई अनिताबाईंनी माझ्या तोंडावर हळदकुंकू वाहिले. वडील संभाजीराव माझ्याभोवती एक फेरी मारून आले.

"दोनच माणसं बसत्यात व्हय?" ते म्हणाले. "मंग आमी काय डिकीत बसायचं?"

"तात्या, डिकीत इंजिन हाय," ऋषिराज म्हणाला.

"मंग फुडं काय हाय?"

"फुडं डिकी हाय."

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि ते म्हशींकडे निघून गेले. त्यानंतर त्यांनी मला कधी काही विचारले नाही.

त्या घरात माझ्यावर सर्वांत जास्त जीव लावला तो संस्कृतीने. संस्कृती ही ऋषिराजची धाकटी बहीण, वय वर्षे अकरा. शाळेला सुट्टी असली की ती माझ्या डाव्या आसनावर येऊन बसे आणि पट्टा लावल्याशिवाय भावाला निघू देत नसे. गावातल्या गतिरोधकावर माझे पोट घासले की ती कळवळून "हळू, दादा," म्हणे. जणू खरचटले ते तिलाच.

बारामती ते इंदापूर या पट्ट्यात मला धरून माझ्यासारख्या पाच गाड्या होत्या. पिवळी गाडी इंदापूरच्या अविराजची. निळी लखनची. आणखी दोन होत्या. या पाच जणांनी आपापसांत एक रीत घालून घेतली होती. समोरून आपल्यातली गाडी आली की दोन वेळा दिवे लावायचे आणि स्टिअरिंगवरून एक हात उचलायचा. कुणी रस्त्याकडेला थांबलेला दिसला, तर कितीही घाई असली तरी विचारल्याशिवाय पुढे जायचे नाही. एकदा भर उन्हात सणसरजवळ माझे चाक फुटले. अविराज भवानीनगरहून परत फिरला आणि टेम्पो मिळेपर्यंत तीन तास आमच्याजवळ बसून राहिला. संस्कृतीला त्याने कलिंगड कापून दिले. अशा माणसांना वाईट कसे म्हणू? ती मुले एकमेकांना खरोखर जपत होती.

वेगाचे मात्र त्यांना भान नव्हते. पहिल्या वर्षी ऋषिराजला दोनदा दंड झाला. पोलिसांची वेग मोजणारी व्हॅन झाडाखाली उभी असते, तिने माझा फोटो काढला आणि तो त्याच्या फोनवर आला. तात्यांनी चष्मा लावून तो पाहिला. "फोटू बरा आलाय," एवढेच ते म्हणाले. पण मित्रांनो, त्या दोन्ही दंडांनंतरचे पंधरा-पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे दिवस होते. ऋषिराज मला सावकाश चालवी. मला ओढ्यावरचे बगळे दिसत. संस्कृती खिडकीतून हात बाहेर काढू लागली तर मला भीती वाटत नसे.

मग त्या पाच जणांनी आपल्या रीतीत एक भर घातली. पुढे व्हॅन उभी असेल, तर समोरून येणाऱ्या आपल्या माणसाला तीन वेळा दिवे लावून सांगायचे.

माझ्या दिव्यांची दांडी स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला आहे, संस्कृतीच्या हाताच्या टप्प्यात. त्यामुळे हे काम तिच्याकडे आले. "संस्कृती, तीन," असे भाऊ म्हणाला की ती दांडी तीनदा ओढायची आणि समोरचा दादा हसून हात उचलायचा. तिला त्याचा फार अभिमान होता. पाचही गाड्यांचे दंड बंद झाले. माझे सुखाचे पंधरवडेही बंद झाले.

त्यानंतर माझ्या चाकांवरची नक्षी झिजत गेली. ब्रेक पातळ झाले, तसा मी समोरच्या काचेखाली लाल दिवा लावला. तो माझा एकच शब्द आहे, दुसरा मला येत नाही. ऋषिराजने त्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला. "डोळ्यावर येतंय," तो म्हणाला.

माघातल्या एका रविवारी सकाळी आम्ही बारामतीहून इंदापूरकडे निघालो होतो. साखर कारखान्याचा हंगाम जोरात होता. रस्त्यावर उसाचे पाचट पसरले होते. भवानीनगरच्या पुढे बाभळीखाली व्हॅन उभी होती. पोलीस जोरात आलेल्या गाड्या थांबवून तिथेच पावती देत होते. लखन आमच्या बराच आधी त्या वाटेने गेला होता आणि त्याने फोन करून कळवले होते, म्हणून आम्ही व्हॅनसमोरून अगदी सज्जनासारखे गेलो. थोडे पुढे गेल्यावर समोरून अविराजची पिवळी गाडी आली. ती बाणासारखी येत होती.

"संस्कृती, तीन."

संस्कृतीने दांडी तीनदा ओढली. दिवे माझे होते, मित्रांनो. मी ते लावले.

अविराजने वेग कमी केला, हसून हात उचलला आणि तो आमच्याजवळून गेला. मी माझ्या आरशात त्याला पाहत होते. रस्ता सरळ होता, त्यामुळे फार लांबपर्यंत दिसत होते. व्हॅनसमोरून तो वरातीतल्या घोड्यासारखा डौलात गेला. व्हॅन मागे पडताच त्याने गेलेला वेळ भरून काढायला पाय दाबला. पुढे उसाचे दोन ट्रेलर जोडलेला एक ट्रॅक्टर शेताच्या वाटेने रस्त्यावर वळत होता. ट्रॅक्टर सावळाराम नावाचा शांत माणूस चालवत होता. त्याने हात दाखवला होता, तो बरोबर वळत होता. पण एवढे ओझे घेऊन त्याला झटकन बाजूला कसे होता येणार?

तो आवाज इथे सांगत नाही.

अविराज वाचला, असे लोक म्हणतात. बारामतीच्या दवाखान्यात तो काचेच्या खोलीत निजून होता. त्याचा श्वास यंत्र घेत होते. ज्या दिवसाची गोष्ट मी पुढे सांगणार आहे, त्या दिवसापर्यंत त्याने डोळे उघडले नव्हते.

त्याची आई सिंधुबाई दवाखान्याच्या पायरीवर बसलेली असे. तिसऱ्या दिवशी ऋषिराज संस्कृतीला घेऊन तिथे गेला. मी पायरीसमोरच उभी होते, माझी काच खाली होती. सिंधुबाईंनी ऋषिराजचा हात दोन्ही हातांत धरला.

"पोलीस बोलले मला," त्या म्हणाल्या. "तुमी म्हणं त्याला दिवं दाखवलं. बरं केलंत रं पोरांनो. लई जपता तुमी एकमेकाला. बोलणी खाण्यातनं वाचवलंत माझ्या लेकराला."

त्या टोमणा मारत नव्हत्या. त्या मनापासून आभार मानत होत्या. ऋषिराजने मान खाली घातली. संस्कृती येऊन माझ्या आसनावर बसली.

परत जाताना ती म्हणाली, "दादा, मी तीन येळा लावलंच नसतं, तर?"

ऋषिराजने गिअर बदलला.

"पोलिसांनी थांबवलं असतं. पावती फाडूस्तोवर तितंच उभा राहिला असता. तवर ट्रॅक्टर वळून गेला असता."

"गप बस."

"सांग की. गेला असता का न्हाय?"

"गप बस म्हणलं ना."

आणि त्याने माझा वेग वाढवला. मला वाटले होते, हा मुलगा आता हळू चालवेल. पण माणसाच्या मनाला वेदना झाली की ते कधी कधी उलटेच वागते. तो रोज दवाखान्यात जाई आणि तिथून कुणी पाठीस लागल्यासारखा निघे. मी जमेल तेवढे सांगितले. ब्रेक किंचाळवले. स्टिअरिंग थरथरवले. लाल दिवा चिकटपट्टीखाली दिवसभर जळत ठेवला. वाटेत व्हॅन दिसली की मी मनात म्हणे, साहेब, आज मला पकडा. माझा फोटो काढा. माझ्या डाव्या आसनावरची ही मुलगी धड घरी पोहोचू दे, मला दुसरे काही नको. पण प्रत्येक वेळी समोरून कुणीतरी आपले माणूस तीन दिवे लावी. व्हॅन जवळ आली की ऋषिराज हळू होई आणि ती मागे पडली की पुन्हा तेच.

एकोणिसाव्या दिवशी सिंधुबाईंनी इंदापूरच्या घरून अविराजचे धुतलेले कपडे आणायला सांगितले. "उठला की घालाया लागतील," त्या म्हणाल्या. आम्ही कपडे घेतले. संस्कृतीने ती पिशवी मांडीवर धरली आणि आम्ही बारामतीकडे परत निघालो. लासुर्ण्याच्या अलीकडे एक वळण आहे. दोन्ही बाजूंना उंच ऊस असल्यामुळे पुढचे दिसत नाही. ऋषिराज त्या वळणावर आला तेव्हा काटा कुठे होता ते मी सांगणार नाही. संस्कृती डोळे मिटून बसली होती.

वळणाच्या पलीकडे उसाचा ट्रेलर चाक फुटून अर्ध्या रस्त्यावर कलला होता. मोळ्या सुटून खाली पडल्या होत्या. ऊसतोडीच्या बायका त्या गोळा करत होत्या. सगळ्यांत पुढे होती जयवंता. तिच्या पाठीला लहान मूल बांधलेले होते.

ऋषिराजने ब्रेक दाबले. मी माझ्या अंगात उरले होते ते सारे त्या चार चाकांत ओतले. गुळगुळीत चाकांनी रस्ता धरला नाही, मी सरकत गेले, सरकतच गेले. कुणीतरी किंचाळले, बहुधा ती मीच होते. मी थांबले तेव्हा माझ्या नाकात आणि जयवंताच्या गुडघ्यात एका मोळीचे अंतर होते. ती मोळी माझ्याखाली चिरडली होती.

जयवंता हलली नाही. तिने हात मागे नेऊन पोराचे डोके चाचपले. मग ती खिडकीपाशी आली. ती चिडलेली नव्हती, फार थकलेली होती.

"पोलीस बगून थांबता न्हवं तुमी?" ती म्हणाली. "आमाला बगून बी थांबत जावा, बाबा. आमी बी रस्त्यावच असतो."

ऋषिराज खाली उतरला आणि रस्त्याकडेला जाऊन ओकला. बायकांनी त्याला पाणी दिले. संस्कृती आसनावरच होती. तिने नखाने त्या काळ्या चिकटपट्टीचे टोक उचलले आणि ती पूर्ण सोलून काढली. माझा लाल दिवा इतक्या दिवसांनी कुणालातरी दिसला.

मित्रांनो, माणसे एकमेकांना सांभाळून घेतात ती फार चांगली गोष्ट आहे. पण आमच्या पाच गाड्यांनी सांभाळले ते फक्त पाच गाड्यांना, तेही दंडापासून. ट्रॅक्टर वळतो आहे, बाई रस्त्यावर मोळ्या वेचते आहे, हे सांगायला आमच्याकडे एकदाही दिवा लागला नाही. आणि दंडाची पावती मात्र आम्हाला शिक्षा वाटली. थोडे थांब, एवढेच ती सांगत होती. मी तर याहून वेगळे काहीच मागत नव्हते.

ऋषिराज परत येऊन बसला. त्याने माझ्या लाल दिव्याकडे पाहिले आणि मला हळूहळू पुढे काढले. थोड्या अंतरावर सरळ रस्ता लागला. समोरून लखनची निळी गाडी येत होती. तिचा आवाज आधी आला आणि मग गाडी दिसली, इतकी ती जोरात होती. व्हॅन कुठेही नव्हती.

संस्कृतीने हात पुढे केला आणि दांडी ओढली. एकदा, दोनदा, तीनदा.

लखनने पटकन वेग उतरवला, हात उचलला आणि तो सज्जनासारखा वळणाकडे गेला.

"व्हॅन कुठं हाय गं?" ऋषिराजने विचारले.

"व्हॅन न्हाय," संस्कृती म्हणाली. "ती बाई हाय."

लखनच्या पाठोपाठ दुधाच्या किटल्या लावलेली एक मोटारसायकल समोरून आली. तिच्यामागे विटांचा टेम्पो होता.

"ती आपल्यातली न्हाईत," ऋषिराज हळूच म्हणाला. "त्यास्नी आपली खूण कळायची न्हाय."

संस्कृतीने अविराजच्या कपड्यांची पिशवी पायाशी ठेवली. उजव्या हाताने तिने दांडी तीनदा ओढली, मग खिडकीची काच खाली केली आणि दुसरा हात बाहेर काढून, पंजा उघडा धरून, त्या दुधवाल्याला मागचे वळण दाखवत राहिली. तो हळू झाला. मग तिने टेम्पोसाठी पुन्हा दांडी धरली.