तीनशे बारा पट्ट्या

"अब्बा, ह्या पट्ट्या धुतल्या कोणी?"

आफरीनच्या हातातला डबा पाहून कय्युमभाईंचा चेहरा खुलला. शाबासकीच मिळणार, असं त्यांना वाटलं. "मीच की, बेटा. काल दुपारी लिंबाच्या पाण्यातून काढल्या, वरून इस्त्री मारली. कॉलेजात मोठ्या लोकांसमोर जायच्या, तर मळकट कशा द्यायच्या?"

आफरीन दुकानाच्या पायरीवर मटकन बसली.

शहागंजात कय्युमभाईंचं रंगाईचं दुकान. बायका कुडत्याचा तुकडा आणून टाकतात आणि कय्युमभाई त्याला जुळणारी ओढणी रंगवून देतात. नळाला पाणी आठवड्याने, रंगाला मात्र रोज लागतं, म्हणून टँकर. टँकरवाला तर सांगणारच, "चाचा, एकदम गोडं पाणी." त्याच्या शब्दावर विसंबलं तर गुलाबी ओढणी भलत्याच रंगाची होऊन पातेल्यातून वर येते आणि गिऱ्हाईक दुकान डोक्यावर घेतं. म्हणून कय्युमभाईंची वडिलांपासूनची रीत होती. हळदीत रंगवलेली मलमलची बोटभर पट्टी टँकरच्या पाण्यात बुडवायची आणि उन्हात वाळवायची. पाण्यात खार जास्त असला की पिवळी पट्टी तांबूस होते. मग तिच्यावर पक्क्या शाईने नंबर, तारीख आणि विहिरीचं गाव लिहायचं. टँकरवाल्याशी भांडायला पुरावा हवा, म्हणून सात वर्षांत तीनशे बारा पट्ट्या डब्यात साठल्या होत्या.

लेक बी.एस्सी.ला गेली आणि तिने त्या डब्यात भलतंच काही पाहिलं. कोणत्या गावच्या विहिरीचा खार वर्षागणिक वाढत गेला, ते त्या पट्ट्यांवर उमटलं होतं. पदवीच्या पोरांना संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळते, मोठ्या प्रयोगशाळेत दोन महिने काम करायला मिळतं, असं तिला कळलं. तिने अर्ज लिहायला घेतला तो याच डब्याच्या भरवशावर. आज कॉलेजात पट्ट्यांचे फोटो काढायचे होते, त्यांतल्या चाळीस निवडून रंगाची मोजणी करायची होती, सरांची सही घ्यायची होती आणि पाच वाजता मुदत संपत होती.

पण कय्युमभाईंनी उभ्या आयुष्यात न धुतलेलं कापड कुणाच्या हाती दिलं नव्हतं. लिंबाने हळद उजळते हे त्यांना ठाऊक होतं. त्या उजळण्यात पाण्याची खूण निघून जाते, हे मात्र डोक्यातच आलं नाही. नंबर शाबूत होते, तारखा शाबूत होत्या, आणि तीनशे बाराच्या तीनशे बारा पट्ट्या एकसारख्या पिवळ्याजर्द झाल्या होत्या.

"म्हणजे समदं गेलं?" कय्युमभाईंनी विचारलं. आफरीनने मानेनेच हो म्हटलं. लेकीच्या वाटेत लोक आडवे येतील, पैसा आडवा येईल, याची तयारी त्यांनी ठेवली होती. आपलाच हात आडवा येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी भट्टी विझवली आणि दुकानाचं शटर ओढलं. "चल. सरांना मी सांगतो. चूक माझी हाय."

तिचे कॉलेजातले सांडू सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी पट्ट्या उलटसुलट करून पाहिल्या, कपाळाला हात लावला आणि दार लोटून घेतलं.

"हे बघ आफरीन, चाळीस पट्ट्यांची मोजणी तू आधीच केली होतीस ना?"

"नाही सर. ती आजच करायची होती."

"मग अंदाजाने आकडे भर. पट्ट्यांवर गावं आहेत, तारखा आहेत. खार वाढत गेलाय हे तर खरंच आहे. थोडं इकडेतिकडे झालं तर कोण विचारतंय?"

कय्युमभाईंचा जीव भांड्यात पडला. इतकं सोपं होतं तर! "सर म्हणतात तर लिही ना, बेटा. मला बऱ्याच याद हायेत. चितेगावची लई लाल यायची बघ."

आफरीनने वडिलांकडे पाहिलं. "अब्बा, कच्चा रंग पक्का म्हणून विकलाय का कधी?"

आठवावं लागत नव्हतं, पण तरी कय्युमभाईंनी आठवून पाहिलं. "नाय," ते म्हणाले.

"मग मी कशी विकू?"

"अगं, हा व्यवहार आहे," सर चिडले. "पुराव्याशिवाय अर्ज गेला तर पहिल्या फेरीतच उडेल."

"उडू द्या, सर. खोटा नाही पाठवणार."

"कय्युमभाई, तुम्ही तरी समजवा हिला."

कय्युमभाई उठून उभे राहिले. बोटं रंगलेली म्हणून ते अशा ठिकाणी हात पाठीमागे ठेवत, ते त्यांनी पुढे आणले. "सर, आमचा रंग उतरला की बाई दुकानात येऊन ओढणी तोंडावर फेकती. तुमच्या कागदाचा रंग उतरला तर कोण येतं फेकायला? पोरगी बरोबर बोलती. सही करायची तर खऱ्यावर करा."

सरांनी अर्ज पुढे ओढला. "बापलेक दोघंही एकाच मातीचे," असं पुटपुटत त्यांनी पेन उघडलं.

'उपलब्ध नमुने' या रकान्यात आफरीनने लिहिलं: 'तीनशे बारा होते. चुकून धुतले गेले. उद्यापासून पुन्हा सुरू.' 'पद्धत कोणाकडून शिकलात' या रकान्यात तिने लिहिलं: 'कय्युम शेख, रंगारी, शहागंज.' कय्युमभाईंनी तो रकाना दोनदा वाचला आणि खिडकीबाहेर पाहिलं. पावणेपाचला अर्ज गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. पोऱ्याबिऱ्या कुणी नसल्याने कय्युमभाई स्वतःच बादली घेऊन गेले. पट्टी बुडवली, दोरीवर वाळवली. तांबूस झाली. त्यांनी शाईचं पेन काढलं.

"काय लिहू गं? तीनशे तेरा?"

"नाही अब्बा. एक."

त्यांनी एक लिहिलं, खाली तारीख आणि गाव. मग सवयीने त्यांचा हात लिंबाच्या वाटीकडे गेला आणि तिथेच थांबला. वाटी त्यांनी फळीवर वर ठेवून दिली आणि ती पट्टी, होती तशी, न धुता, लेकीच्या हातात दिली.