सात नंबरमधले पाच ग्रॅम

सासरेबुवांची घोषणा घरात सगळ्यांना पाठ होती: "माझ्या हातचा सेट ज्या दिवशी परत येईल, त्या दिवशी मी हे टेबल सोडीन." गिऱ्हाइकाची उंची, मनगट, पाठीचं दुखणं बघून गोल्फच्या लोखंडी काठ्या बनवायचा त्यांचा धंदा. चाळीस वर्षांत एकही सेट परत आला नव्हता. सासूबाई म्हणायच्या, "एवढं माझ्या चपलेचं माप लक्षात ठेवलं असतं तर!" बुवा ऐकू न आल्यासारखं करून दांडा घासत राहत.

त्यांच्या मुलाला लोखंडाच्या नुसत्या वासानं शिंका यायच्या, म्हणून बापाची विद्या सुनेच्या गळ्यात पडली. सहा वर्षांत तिला ती जिवापाड आवडायला लागली होती.

काम ऐकायला सोपं आहे. काठ्यांच्या डोक्यांचं वजन नंबरागणिक सात-सात ग्रॅमनं चढत गेलं पाहिजे, म्हणजे काठी लांब असो की आखूड, हाताला सगळ्या सारख्याच लागतात. पण साच्यातून निघालेली डोकी कुठली एवढी शहाणी! एखादं तीन ग्रॅम कमी, एखादं दोन जास्त. दांड्यांचीही तीच तऱ्हा. मग एकेक वजन करायचं, चिठ्ठी लावायची आणि जोड्या जुळवायच्या: हलक्या डोक्याला जरा जड दांडा, जड डोक्याला हलका. बुवा याला सोयरीक जमवणं म्हणत. तरीही तूट उरलीच, तर डोक्याच्या नळीत, नाहीतर दांड्याच्या तोंडात पितळेची बारीक खुंटी टाकायची आणि मग गोंद. एकदा मोजलं की मोजलं. पुन्हा मोजण्यात बुवांना कमीपणा वाटायचा.

गेल्या वर्षी सुनेच्या लक्षात आलं, की वजनकाट्यावरचा इंग्रजी तीन बुवांना आठ दिसतो. चष्मा दोनदा बदलून झाला होता. ज्यानं बोट धरून शिकवलं त्याला 'तुम्हाला दिसत नाही' असं कुठल्या तोंडानं सांगायचं? तिनं सांगितलंच नाही. दुपारी जेवून बुवा डुलकी काढायला गेले, की ती टेबलावरची सगळी डोकी चोरासारखी पुन्हा मोजायची, आणि चूक सापडली की गुपचूप निस्तरायची. गोंद लावायची वेळ झाली की बुवा जांभई देत येत आणि स्वतःच्या कामावर खूश होऊन शीळ घालत.

आणि एका सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाई काठी घेऊन दारात उभ्या राहिल्या. बाई बिचाऱ्या ओशाळल्या होत्या. "बाकीच्या सगळ्या कशा हातात लोण्यासारख्या फिरतात. हा सात नंबर तेवढा खाली ओढतो. माझंच काही चुकत असेल."

बुवांनी काठी हातात घेतली, एकदाच हलवली. "तुमचं काही चुकत नाही. जड आहे," ते म्हणाले. डॉक्टरीणबाई गेल्यावर त्यांनी ॲप्रन काढला, घडी करून टेबलावर ठेवला आणि आत निघून गेले. ओरडले असते तर सुनेला बरं वाटलं असतं.

तिनं काठीची मान तापवली, गोंद सुटला तसं डोकं ओढून काढलं. नळीत पाच ग्रॅमची खुंटी होती. ती तिनंच टाकली होती. तेव्हा चिठ्ठीवर २६८ लिहिलं होतं आणि काटा २६३ दाखवत होता. झाला पुन्हा तिनाचा आठ, असं म्हणून तिनं घाईघाईत तूट भरली होती. मग तिनं दांडा उलटा करून पाहिला. दांड्याच्या तोंडात दुसरी खुंटी बसवलेली होती. तीही पाचचीच. त्या दिवशी बुवांनी तूट बरोबर ओळखली होती, दांड्यात भरली होती, आणि चिठ्ठीवर खुंटी धरून झालेलं वजन लिहिलं होतं. तिनं दांड्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

गप्प राहिली असती तर कुणाला पत्ता लागणार नव्हता. बुवा मात्र आपला हात गेला असं समजून उरलेला जन्म खिडकीशी बसून काढणार होते. दोन्ही खुंट्या तळहातावर घेऊन ती आत गेली.

"बाबा, तुमचं बरोबर होतं. दुसरी खुंटी माझी."

बुवांनी खुंट्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "माझ्या मागे मोजतेस?"

"वर्ष झालं."

"किती वेळा चुकलेलं सापडलं?"

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. "एकोणीस," ती म्हणाली, आणि तिला रडूच आलं.

बुवांनी दोन्ही खुंट्या तिच्या तळहातावरून उचलल्या. मग सदऱ्याच्या आतल्या खिशातून त्यांनी एक भिंग काढलं. "त्या दिवशी डोकं हाताला हलकं लागलं. काट्यावर तर मला आठच दिसत होता. म्हणून यातून बघितलं. तीन होता."

"मग हे लपवून का ठेवलंत?"

"तू बघितलं असतंस तर?"

ती रडता रडता हसली. "आता टेबल सोडणार?"

"माझ्या हातचा सेट परत आला तर, असं म्हणालो होतो. हा आपल्या दोघांच्या हातचा. त्याबद्दल मी कधी काही बोललो नव्हतो." ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. "चल. बाईंना संध्याकाळपर्यंत काठी द्यायची आहे. आणि यापुढे माझ्या मागे काही नको. चुकलं तर तोंडावर सांग."

टेबलाशी येऊन त्यांनी ते डोकं पुसून, दोन्ही खुंट्या बाजूला ठेवून काट्यावर ठेवलं. आकडा उमटला. बुवा पुढे वाकले, डोळे बारीक केले, मग ताठ झाले.

"किती?" त्यांनी विचारलं.

"दोनशे त्रेसष्ट."

"मी आठ म्हणालो असतो," बुवा म्हणाले, आणि कोरी चिठ्ठी घेऊन तिनं सांगितलेला आकडा लिहू लागले.