मुदत संपलेली पुडी

ताइनानचे निवृत्त भूगोल शिक्षक च्यू यांनी स्कूटरचा कार्बोरेटर स्वतःच्या हाताने साफ केला, आणि स्कूटर चालू होईना. मेव्हणीच्या लग्नाची पंगत तासाभरावर आली होती.

"अहो, कोपऱ्यावरच्या मेकॅनिक त्साईला बोलावू का?" बायकोनं विचारलं.

"त्या लुटारूला? मुळीच नाही!"

हे त्यांनी कालही साऱ्या गल्लीला ऐकवलं होतं. आता बोलावलं तर नाक कापलं जाणार. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून तैवानात ठेवतात ती मक्याच्या खाऊची हिरवी पुडीसुद्धा सीटवर होती, तरी ढिम्म.

तेवढ्यात त्साई आपणहून आला. इंजिनाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. पुडी उचलून उलटी केली.

"मास्तर, हिची मुदत गेल्या महिन्यातच संपलीय. यंत्राला काय एवढंही कळत नाही?"

च्यूंच्या जिवात जीव आला. म्हणजे हात निर्दोष! त्यांनी धावत जाऊन ताजी पुडी आणली, सीटवर ठेवली आणि बटण दाबलं. स्कूटर आज्ञाधारकपणे धडधडू लागली.

"आणि हे खाली उरलेले दोन बोल्ट?" मागे बसताना बायकोनं विचारलं.

"ते गेल्या खेपेचे," असं म्हणून च्यू ऐटीत निघाले.