पाठ जंगलाकडे

मी वाघदेव बोलतोय. नाव ऐकून दचकू नका. आज घाबरलेला मीच आहे.

पिंपळनेरच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. गावातल्या झुलालच्या बापानं सागाच्या फळीत मला कोरलं. वर चंद्र-सूर्य, खाली वाघ. डोळे मोठे केले, पापण्या केल्याच नाहीत. म्हणाला, राखणदाराला झोप कशाला? मग शेंदूर लावून शिवेवर उभं केलं. तोंड जंगलाकडं, पाठ गावाकडं. बायका मोळी टेकवून मला घरचं सांगायच्या. बकऱ्या अंग घासायच्या. बरं वाटायचं.

आमच्या गावची रीत अशी, की फळी जुनी झाली की नवी बसवायची. जुन्याला नारळ द्यायचा, 'सुटलास' म्हणायचं. मग तो तिथंच आडवा पडून मातीत जातो. माझ्या वेळी नवा बसला, अन् त्याच दिवशी संग्रहालयाची गाडी आली. "जपून ठेवू," साहेब म्हणाले. लोक हरखले. त्या गडबडीत मला 'सुटलास' म्हणायचं राहूनच गेलं.

म्हणजे मी अजून राखणीवर आहे. आणि उभा आहे धुळ्यात, काचेत. दालनभर आपल्या देशाच्या डोंगर-नद्यांची चित्रं, कोपऱ्यात आम्ही रानातली मंडळी. माझ्यासमोर बर्फाचा डोंगर. जंगल पश्चिमेला, माझ्या पाठीमागं. मागून काय येतंय ते दिसत नाही. शाळेची पोरं धावत आली की काच थरथरते. मला वाटतं, जनावर आलंच.

काल झुलाल आला, म्हातारी बहीण ताईबाईला घेऊन. दाराशीच त्यानं चपला काढल्या. दारावरचा जीवराम हसला.

"आबा, हे काय देऊळ आहे? घाला चपला."

"देव मझार शे ना, भाऊ?"

"आत असू दे. पण तो नारळ इथंच ठेवा. आत चालत नाही."

"चपला बाहेर, नारळ बाहेर," ताईबाई म्हणाली, "आते तू बी बाहेरच बस!"

झुलाल अनवाणीच आत आला. काचेपाशी हात जोडून म्हणाला, "देवा, तुले सोडानं राही गयं. चूक आमनी शे."

त्यानं तोंड उघडलं. माझा सगळा जीव कानात आला.

ताईबाईनं त्याचा दंड धरला. "थांब. परवा लीलाधरनी बकरी बिबट्या लई गया. नवा देव आजून कच्चा शे. ह्याले सोडू नको."

झुलालनं तोंड मिटलं. काचेला कपाळ टेकवून पुटपुटला, "आजून थोडं ध्यान ठेव, देवा." आणि गेला.

बिबट्या माझ्या पाठीमागं आहे, अन् मी बर्फाकडं बघतोय.

तुम्ही कधी आलात तर शेंदूर नको, नारळ नको. जीवरामला एवढंच सांगा, याला फिरवून ठेव. बघायला येणाऱ्यांना माझी पाठ दिसेल. दिसू द्या. गावाला इतकी वर्षं तीच दिसायची. तिच्याकडं बघूनच माणसं दार लोटून झोपायची.